अनेक पट्ट्यांचा ड्राइव्ह बसवताना क्रम कुठे चुकतो

फाउंड्रीत देखभालीचं काम करताना एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय: "साहेब, हल्ली पट्ट्यांना पहिल्यासारखा माल राहिला नाही." मीही पूर्वी तेच म्हणायचो. आमच्या सँड प्लांटच्या डस्ट कलेक्टरच्या (धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राच्या) पंख्याने चार महिन्यांत, मोटारीवरून तो फिरवणाऱ्या व्ही-पट्ट्यांचे तीन संच खाल्ले. आम्ही कंपनी बदलली, दुकानदार बदलला, पट्टे तरी तुटायचेच. शेवटी कळलं की पट्टे चांगलेच होते. ज्या पुलीवर ते चढत होते ती खराब होती, मोटार तिरकी होती आणि ताण अंगठ्याने ठरत होता. आधी पट्टे चढवायचे आणि बाकीचं नंतर जमेल तसं बघायचं, असा आमचा क्रमच उलटा होता.

हाच ड्राइव्ह, म्हणजे मोटार, दोन पुल्या आणि पट्टे यांची जोडणी, उदाहरणाला घेतो. मोटार ३० किलोवॅट, म्हणजे ४० एचपी, १४७० फेऱ्यांची. मोटारीवर २०० मिमीची पुली, पंख्यावर २५० मिमीची. दोन्हींवर चार-चार खाचा, पट्टे एसपीबी २५०० (एसपीबी हा पट्ट्याचा प्रकार, २५०० ही लांबी) आणि दोन शाफ्टच्या केंद्रांमधलं अंतर ८९६ मिमी. तुमच्याकडे खडी क्रशर, कॉम्प्रेसर किंवा भातगिरणी असेल तर आकडे वेगळे येतील, क्रम मात्र हाच.

१. आधी मशीन खरोखर थांबवा

स्टार्टरचं लाल बटण दाबलं म्हणजे मशीन बंद झालं, असं धरू नका. आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) पाडा, त्याला कुलूप घाला आणि किल्ली जो हात घालणार त्याच्याच खिशात राहू द्या. नुसती "काम चालू आहे" अशी पाटी पुरत नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस पाटी वाचत बसत नाही.

पंख्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. वीज तोडली तरी डक्टमधल्या ओढीने पंखा आपोआप सावकाश फिरत राहतो, कधी कधी उलटाही. डँपर (डक्टमधली झडप) बंद करा आणि पंख्याच्या पुलीच्या आऱ्यात लाकडी ठोकळा अडकवा.

सावधान: पट्टा हाताने फिरवायचा असेल तर दोन पुल्यांच्या मधोमध सपाट तळहाताने ढकला. पुलीजवळ पट्टा मुठीत धरून ओढलात तर बोटं पट्ट्याबरोबर खाचेत जातात. वीज बंद असताना बोट गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

२. जुने पट्टे भंगारात टाकण्याआधी बघा

मोटारीचे पायाचे बोल्ट ढिले करून मोटार आत सरकवा, मगच पट्टे काढा. काढताना खडूने प्रत्येकावर खाचेचा नंबर घाला, मोटारीच्या बाजूने १, २, ३, ४. मग फरशीवर ओळीने मांडा.

एकाच बाजूची भिंत जास्त झिजली असेल तर रेषा चुकली आहे, म्हणजे दोन पुल्या एका ओळीत नाहीत. दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत आणि कडक झाल्या असतील तर पट्टा घसरत होता, म्हणजे ताण कमी होता. खालच्या बाजूला आडव्या भेगा असतील तर उष्णता किंवा फार लहान पुली. पट्ट्याचा तळच चकाकत असेल तर तो खाचेच्या बुडाला टेकत होता. पुढची पायरी खास तुमच्यासाठीच आहे. पट्टा मध्येच तुटला आणि बाकी अंगावर काही खूण नाही, तर बहुतेक वेळा तो बसवतानाच पहारीने मेलेला असतो.

चारपैकी एकाच खाचेतला पट्टा दरवेळी आधी जात असेल तर त्या खाचेवर लाल खडूने गोल करून ठेवा.

३. पुलीच्या खाचा: सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच

व्ही-पट्टा तळावर चालत नाही, दोन बाजूंच्या भिंतींवर चालतो. पाचर जशी फटीत दाबली की घट्ट बसते, तसा ताण पडला की पट्टा खाचेत रुततो आणि त्या रुतण्याने ओढ तयार होते. म्हणून भिंती सरळ हव्यात. वर्षानुवर्षं वाळूची धूळ खाल्लेल्या पुलीत त्या आतून बशीसारख्या खोलगट होतात. पट्टा मग खाली उतरतो, बुडाला टेकतो आणि कितीही ताणला तरी घसरतो.

आमच्याकडे हे एका जुन्या मिस्त्रींनी पकडलं. निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी नव्या कोऱ्या पट्ट्याचा एक तुकडा मागवला, पुलीच्या खाचेत बसवला आणि मागून बॅटरी धरली. पट्टा आणि भिंत यांच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसली. "बघा, ह्याला दोन्हीकडं टेकायलाच जागा न्हाई," एवढंच म्हणाले. चारही खाचांत तोच प्रकार होता. पट्ट्यांचे तीन संच आम्ही फुकट घातले होते, आणि नवी पुली त्या तीन संचांहून स्वस्तात पडली असती.

आता तुम्ही करायचं ते असं:

खाचा तारेच्या ब्रशने आणि कोरड्या फडक्याने साफ करा. मग पट्ट्याच्या कंपनीचा खाचेचा गेज मिळत असेल तर तो लावा, नसेल तर नव्या पट्ट्याचा तुकडा आणि बॅटरी पुरते. भिंतीची खोलगट झीज सुमारे ०.८ मिमीच्या पुढे गेली की पुली बदलायची. नवा पट्टा खाचेत बसला की त्याची वरची कड पुलीच्या काठाच्या पातळीत किंवा किंचित वर राहते. तो आत बुडालेला दिसला तर खाच गेली. कडेला बोट फिरवून टवका किंवा धार लागते का तेही बघा. एखादा टवका नवा पट्टा आठ दिवसांत कातरतो.

एक खाच खराब आणि तीन चांगल्या असल्या तरी पुली पूर्ण बदला. त्या एका खाचेतला पट्टा खाली उतरून लहान व्यासावर चालतो, त्याचा वेग बाकीच्यांशी जुळत नाही आणि चौघांची एकमेकांशी ओढाताण सुरू होते.

४. पुली शाफ्टवर चढवणं

पुली बेअरिंगच्या जितकी जवळ बसेल तितकी बसवा. शाफ्टच्या टोकावर लटकवलेली जड पुली बेअरिंगवर जास्त भार टाकते.

सरळ बोअरची (सरळ भोकाची) पुली हातोड्याने ठोकून चढवू नका. त्या प्रत्येक ठोक्याचा हादरा मोटारीच्या बेअरिंगच्या गोळ्या आणि रेसवर बसतो. मोटारीच्या शाफ्टच्या टोकाला आटे पाडलेलं भोक असतं, ते यासाठीच आहे. त्यात स्टड घाला, जाड पट्टी आणि नट लावा आणि पुली ओढून घ्या.

टेपर लॉक बुश (पुली शाफ्टवर आवळणारी उताराची बाही) असेल, जसा आमच्याकडे ३०२० मापाचा होता, तर बुशचा बाहेरचा आणि पुलीच्या हबचा आतला उतार फडक्याने अगदी कोरडा करा. तिथे ग्रीस किंवा तेल लावणं ही फार जुनी आणि फार महागाची सवय आहे. ग्रीसवर पकड सुटते किंवा नको इतकी घट्ट होऊन हब तडकतो. स्क्रूच्या आट्यांना तेलाचा थेंब चालेल. ३०२० ला दोन स्क्रू बसवायचे आणि एक भोक काढण्यासाठी. ज्या भोकाचे आटे हबच्या बाजूला आहेत ते बसवण्याचं, ज्याचे आटे बुशच्या बाजूला आहेत ते काढण्याचं.

दोन्ही स्क्रू आलटून-पालटून घट्ट करा, बुशच्या तोंडावर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या, पुन्हा घट्ट करा. स्क्रू फिरायचे थांबेपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं. ३०२० चा टॉर्क साधारण ९० न्यूटन-मीटर आहे. ३०२० लाच मोठा ३५२५ समजून पाईप लावून ओढू नका. रिकाम्या राहिलेल्या भोकात ग्रीस भरा, नाहीतर सहा महिन्यांनी त्यात वाळू घट्ट बसलेली असते आणि स्क्रू जात नाही.

तपासा: पुली हाताने फिरवा. डोळ्याला डगमग दिसली तर पुढे जाऊ नका. बुश तिरका बसलाय किंवा शाफ्ट वाकलाय.

५. रेषा, पट्टे घालण्याआधी

सगळ्यात जास्त चूक इथे होते, कारण पट्टे घातल्यावर पुल्या "सरळच दिसतात". पट्ट्याने ओढलेली मोटार थोडी वळते, आणि ते वळण लपतं.

आधी मोटारीचे चारही पाय खाली नीट टेकतात का ते बघा. एकेक बोल्ट ढिला करा आणि त्या पायाखाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. फट सापडली तर तेवढ्या जाडीची शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला. फट तशीच ठेवून बोल्ट आवळलात तर प्रत्येक वेळी रेषा वेगळीच येईल आणि तुम्ही वेडे व्हाल.

मग दोरी. पंख्याच्या पुलीच्या बाहेरच्या तोंडावर बारीक, पीळ नसलेली दोरी ताणून धरा आणि मोटारीच्या पुलीपर्यंत न्या. दोरी चार ठिकाणी टेकायला हवी: पंख्याच्या पुलीच्या दोन कडा, मोटारीच्या पुलीच्या दोन कडा. मोटारीच्या पुलीची एकच कड टेकते आणि दुसरीकडे फट राहते, तर मोटार वळलेली आहे. दोन्ही कडांना सारखीच फट आहे, तर मोटार सरळ आहे पण आत सरकली आहे. मोटारीच्या पुलीवर दोरी मोडते, म्हणजे मोटार बाहेर आली आहे.

तिसरी चूक दोरीला दिसत नाही: एक शाफ्ट खाली झुकलेला. त्यासाठी दोन्ही शाफ्टवर पाणसळ ठेवा.

सावधान: दोन पुल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील तर त्यांच्या काठाची जाडी वेगळी असते. तेव्हा दोरी तोंडावर बरोबर टेकली तरी खाचा समोरासमोर नसतात. व्हर्नियरने दोन्ही पुल्यांवर काठापासून पहिल्या खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि जेवढा फरक येईल तेवढी फट दोरीला मुद्दाम ठेवा. ही एकच गोष्ट विसरून मी एकदा रात्रभर काम फुकट घालवलंय.

व्ही-पट्टे साधारण अर्ध्या अंशापर्यंतचा तिरकेपणा सहन करतात. म्हणजे एका मीटरला जवळजवळ ९ मिमी. हे ऐकून "मग चालतंय की" म्हणू नका. ही शेवटची हद्द आहे. आमच्या अंतराला आम्ही एका सुताच्या आतच, म्हणजे ३ मिमीच्या आत आणतो, आणि थोडा वेळ दिला तर १ मिमीही जमतो.

६. पट्टे: कोणते आणि कसे घालायचे

पट्ट्यावरची अक्षरं नीट वाचा. सी-९० मधले ९० हे इंच आहेत, आणि ती आतली लांबी. एसपीबी २५०० मधले २५०० हे मिलिमीटर आहेत, आणि ती पिच लांबी, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या दोऱ्यांच्या पातळीवरची. बी आणि एसपीबी वरून जवळजवळ सारख्याच रुंदीचे दिसतात, बी १७ मिमी आणि एसपीबी १६.३. पण बी ची जाडी ११ मिमी आणि एसपीबी ची १३. दुकानदाराने "साहेब, हेच चालतंय" म्हणून एसपीबी च्या पुलीसाठी बी पट्टा दिला तर तो बसेल, फिरेलही, पण तेवढाच भार तो पेलणार नाही.

चारही पट्टे एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, शक्यतो एकाच लॉटचे घ्या. पट्ट्यावर लांबीचा मॅचिंग नंबर असेल तर तो चौघांवर सारखाच हवा. दातेरी आणि साधे पट्टे एकत्र घालू नका.

आणि एक तुटला म्हणून एकच नवा घालू नका. वापरलेले तीन ताणून थोडे लांब झालेले असतात. नवा आखूड. सगळा भार तो एकटा घेतो आणि दहा दिवसांत तुटतो, मग पुन्हा "पट्टा खराब निघाला". रात्री दोन वाजता अडचण आलीच तर मागच्या संचातला एखादा चांगला वापरलेला पट्टा घाला. त्यासाठी काढलेल्या संचातले धड पट्टे जपून ठेवतात.

घालताना मोटार इतकी आत सरकवा की पट्टा हाताने, सहज चढेल. एसपीबी २५०० ला ३५ ते ४० मिमी आत सरकवायला जागा लागते. पहार, टॉमी किंवा मोठा स्क्रूड्रायव्हर घालून पुली फिरवत पट्टा चढवलात तर आतल्या दोऱ्या तुटतात. वरून काहीच दिसत नाही. पट्टा त्याच दिवशी मेलेला असतो, फक्त कळतं महिन्याने.

चढवल्यावर चारही पट्ट्यांचा ढिलेपणा एकाच बाजूला आणा, सगळा वर किंवा सगळा खाली. एकाचा वर आणि दुसऱ्याचा खाली असला की ताण द्यायला लागल्यावर एक आधीच टाइट होतो आणि बाकीचे झोल खात राहतात.

७. ताण: अंगठा बाजूला ठेवा

लहान कॉम्प्रेसरच्या एका पट्ट्याला अंगठ्याने अर्धा इंच दाबून बघणं ठीक आहे. ४० एचपीच्या चार पट्ट्यांना नाही. तुमचा अंगठा आणि माझा अंगठा वेगळा आहे, आणि दिवसभर हातोडा मारल्यावर तर स्वतःचाही वेगळाच असतो.

लागतं काय? एक फूटपट्टी, एक लांब सरळ पट्टी आणि स्प्रिंगचा हुकाचा काटा, भंगारवाल्याकडे असतो तसा. हा स्वस्तातला काटा महागड्या मोटारीचं बेअरिंग वाचवतो.

आधी मोकळ्या पट्ट्याची लांबी मोजा: एका पुलीवरून पट्टा सुटतो तिथपासून दुसऱ्यावर टेकतो तिथपर्यंत. आमच्याकडे ती जवळजवळ ८९६ मिमीच आली. नियम असा की प्रत्येक मीटर लांबीला १६ मिमी झोल. म्हणजे आम्हाला १४ मिमी. आता सरळ पट्टी दोन्ही पुल्यांच्या वर आडवी ठेवा, एका पट्ट्याच्या मधोमध काट्याचा हुक अडकवा आणि पट्ट्याशी काटकोनात ओढा. झोल १४ मिमी झाला की काट्यावरचा आकडा वाचा.

एसपीबी ला लहान पुली ११२ ते २२४ मिमीच्या दरम्यान असेल तर हा आकडा एका पट्ट्याला ४५ ते ६५ न्यूटन हवा, म्हणजे काट्यावर साधारण साडेचार ते साडेसहा किलो. नव्या पट्ट्यांना वरच्या आकड्याच्या सव्वापट, म्हणजे सुमारे सव्वाआठ किलो द्यायचा, कारण पहिल्या काही तासांत ते खाचेत बसतात आणि ताण उतरतो. तुमच्या पट्ट्याच्या प्रकाराचे आकडे कंपनीच्या कॅटलॉगमध्ये मिळतील, ते एकदा लिहून गार्डवर चिकटवा.

मोटार मागे घेताना दोन्ही ताण बोल्ट अर्धा-अर्धा फेरा आलटून-पालटून फिरवा. एकाच बाजूने ओढलं की मोटार वळते आणि पाचव्या पायरीचं सगळं काम वाया जातं. जिथे एकच ताण बोल्ट आहे तिथे दुसरा करून घ्या. वर्कशॉपमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे.

पायाचे बोल्ट पूर्ण घट्ट केल्यावर दोरी पुन्हा लावा. हो, पुन्हा. घट्ट करताना मोटार हलते.

तपासा: चारही पट्टे एकेक करून काट्याने मोजा. एखादा इतरांपेक्षा खूपच ढिला असेल तर त्याच्या खाचेवर लाल खडू आहे का ते बघा. मग चौघांवर आडवी एक खडूची रेघ मारा, मशीन कुलूपबंद असतानाच पट्टे चार-पाच फेऱ्या हाताने फिरवा. रेघ साधारण एका ओळीत राहिली तर ठीक. एक खूण बरीच मागे पडली, तर तो पट्टा लांब आहे किंवा त्याची खाच झिजलीय.

८. पहिले दोन दिवस

जाळीचा गार्ड लावा, मगच चालू करा. गार्ड लावण्याआधी "जरा बघतो" म्हणून फिरवून बघण्याची सवय मोडा. पत्र्याचा बंद गार्ड असेल तर आतली हवा कोंडते आणि रबर भाजतं, जाळीचाच हवा.

अर्ध्या तासाने बंद करा, कुलूप घाला, ताण पुन्हा मोजा. आता तो साडेसहाच्या जवळ उतरलेला असेल. त्याहून खाली गेला असेल तर पुन्हा भरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी एकदा. ही दोन मोजणी टाळली की नवा संच महिनाभरात घसरायला लागतो, कारण कोणीच परत येऊन बघत नाही.

टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं यंत्र) असेल तर पंख्याचा वेगही घ्या. हिशेबाने १४७० ला २०० ने गुणून २५० ने भागलं की ११७६ येतात. एक-दोन टक्के कमी चालतात, म्हणजे ११५० पर्यंत. त्याच्याही खाली आकडा गेला तर पट्टे घसरत आहेत.

९. पुढची देखभाल

कानाला सवय लावा. चालू करताना "किर्रर्र" असा लांब ओरडा आला तर ताण कमी. चालू असताना सारखी चिमणीसारखी चिवचिव असेल तर रेषा चुकली आहे. महिन्यातून एकदा ताण, सहा महिन्यांनी दोरी, आणि पट्टे बदलताना दरवेळी खाचा.

बंद केल्यावर लगेच, कुलूप घालून, मोटारीच्या पुलीला हात लावून बघा. हात टिकत नाही इतकी गरम असेल तर पट्टे घसरत आहेत. पट्ट्याचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे.

राळ टाकू नका. पिठाच्या गिरणीच्या सपाट पट्ट्यावर राळ टाकलेली सगळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे व्ही-पट्टा घसरला की हात आपोआप राळेच्या डब्याकडे जातो. व्ही-पट्ट्यावर ती दोन दिवस आवाज बंद करते, मग वाळू चिकटवून भिंती घासते आणि रबर मऊ पाडते. बेल्ट ड्रेसिंगचे स्प्रेही तसेच. पट्ट्यावर तेल सांडलं असेल तर साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. पेट्रोल किंवा डिझेलने नाही.

कारखाना महिनाभर बंद राहणार असेल, साखर कारखान्यात हंगाम संपल्यावर होतं तसं, तर मोटार थोडी आत सरकवून पट्टे सैल करा.

सुटे पट्टे खिळ्यावर टांगू नका. सगळं वजन एका बिंदूवर येतं आणि पट्टा तिथे वाकतो. जाड गोल लाकडावर टांगा किंवा सैल वेटोळं करून फळीवर ठेवा, उन्हापासून आणि वेल्डिंगच्या जागेपासून लांब. आणि गार्डच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा: एसपीबी २५०० × ४, झोल १४ मिमी, नवा ८.३ किलो, जुना ४.६ ते ६.६ किलो, बसवल्याची तारीख. रात्रपाळीचा फिटर तुम्हाला फोन न करता काम करील.